बापूकाकांची मुदत

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की आधी "किती फूट?" होतं, मग घरची चौकशी. फूट म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी. 40 ही इशारा पातळी, 45 ही धोक्याची, आणि त्यापुढे प्रत्येक गल्लीचा आपापला आकडा. आपल्या जिन्याची पहिली पायरी किती फुटांना भिजते हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाढ्यांच्या आधी येतं.

आमच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळात मात्र आठ वर्षं, बारा महिने, आणखी एक पातळी विचारली जायची.

"बापूकाकांचं बीपी?"

"काल 160."

"आणि खालचं?"

"100."

यावर कुणी काही बोलत नसे. खजिनदार छताकडे बघत. छत गळत होतं.

वाचणाऱ्याला हा निर्दयपणा वाटेल. वाटू दे. मी त्या मंडळाचा सहचिटणीस होतो आणि त्या शांततेत मीही बसलेलो आहे. पण या शांततेची तजवीज खुद्द बापूकाकांनीच करून ठेवली होती, फॉर्म भरून आणि साक्षीदाराची सही घेऊन.

बापूकाका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. नोकरीभर त्यांनी पाण्याची उंची मोजली आणि रजिस्टरात लिहिली. त्यामुळे त्यांना दोन खोडी जडल्या होत्या. एक म्हणजे अंदाजे काही बोलायचं नाही. "जरा उशीर झाला" असं ते कधी म्हणाले नाहीत, "अकरा मिनिटं" म्हणत. दुसरी म्हणजे कुणाच्याही घरी गेल्यावर बसण्याआधी माळ्याकडे नजर टाकायची. "कागदपत्रं वर ठेवता ना?" हा त्यांचा कुशलप्रश्न. उंच, सडपातळ, अर्ध्या बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक लाल. लाल कशाला, विचारलं तर "धोक्याच्या पातळीला" म्हणत.

घरात ते एकटेच. काकू 2003 साली गेल्या, मूलबाळ नव्हतं. काकू होत्या तोवर बापूकाकांची खबर गल्लीला काकूंच्या आवाजावरून आपोआप लागायची. त्या गेल्या आणि ते बुलेटिन बंद पडलं. एकदा त्यांना ताप आला होता. किती दिवस, ते त्यांनी नंतर स्वतःच सांगितलं. दाराबाहेरच्या दुधाच्या पिशव्या मोजल्या, चार निघाल्या.

विमा त्यांच्या घराण्यात होता. वडिलांची पॉलिसी साताऱ्याच्या 'वेस्टर्न इंडिया'ची. अण्णासाहेब चिरमुल्यांनी 1913 साली सुरू केलेली ही कंपनी. पुढे 1956 च्या सप्टेंबरात आयुर्विमा महामंडळ जन्माला आलं आणि देशभरच्या 245 लहानमोठ्या विमा संस्थांतली एक म्हणून तीही त्यात मिसळून गेली. वडिलांचा, म्हणे, दिल्लीवर भरवसा नव्हता, साताऱ्यावर होता. तरी मरेपर्यंत हप्ता चुकवला नाही, कारण साताऱ्याचा भरवसा दिल्लीवर असेल असं त्यांनी धरून चाललं होतं. बापूकाकांनी आपली पॉलिसी ऑगस्ट 1994 मध्ये काढली. एक लाखाची, पंचवीस वर्षांची, सहामाही हप्त्याची. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि दोन्ही एका रेक्झिनच्या बॅगेत.

काकूंच्या जागी नॉमिनी कोण, असा प्रश्न आला तेव्हा एजंट एक गोष्ट बोलून गेला, जी त्याने बोलायला नको होती. नॉमिनी कितीही वेळा बदलता येतो.

मग सुरू झालं. आधी पुतण्या, हिंजवडीत असतो तो. त्याने दिवाळीला फोन न करता कुणाचा तरी आलेला दिव्यांचा फोटो पुढे ढकलला. नाव गेलं. मग मिरजेची भाची. तिने वास्तुशांतीची पत्रिका पोस्टाने पाठवली. "मिरज म्हणजे काय लंडन आहे?" बापूकाका म्हणाले, आणि वास्तुशांतीला न जाता थेट शाखेत गेले. मग मेव्हण्याचा मुलगा आला. तो बिचारा नियमित यायचा, पाया पडायचा. एके दिवशी पाया पडून उठताना सहज म्हणाला, "काका, बोनस धरून किती होतील?" उठेपर्यंत त्याचं नाव गेलेलं होतं.

एजंट समजावायचा, "अहो बापूकाका, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सुप्रीम कोर्टानं 1984 मध्येच सांगितलंय. नॉमिनीनं फक्त हात पुढं करून पैसे घ्यायचे, हक्क वारसांचा."

"मला पैशाचं काही नाही," बापूकाका म्हणायचे. "हात पुढे करायची ज्याची लायकी नाही त्यानं करू नये, एवढंच."

आणि मग, 2011 साली, त्यांना वाचनालय सापडलं. म्हणजे रोज ते तिथे सकाळी साडेनऊला पेपर वाचायला यायचेच. पण त्या वर्षीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत, गणसंख्येअभावी अर्धा तास तहकूब होऊन त्याच जागी पुन्हा भरलेल्या सभेत, आयत्या वेळच्या विषयात, बापूकाका उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या पश्चात माझी विम्याची पॉलिसी या संस्थेला."

सभेला अकरा माणसं होती. पण टाळ्या अशा पडल्या की शेजारच्या भडंगाच्या दुकानातला पोरगा डोकावून गेला. 'क' वर्गाच्या वाचनालयाला अनुदानातून पगार भागवावा की पुस्तकं घ्यावीत हा पेच दरसाल असतो. त्यात कुणी स्वतःहून लाखाची गोष्ट बोलतो म्हणजे काय! अध्यक्षांनी तिथल्या तिथे शाल मागवली. श्रीफळाला पोरगं पळवलं. अध्यक्ष भाषणात म्हणाले, "बापूकाका शतायुषी होवोत." खजिनदारांना ठसका लागला. बापूकाका तेव्हा 65 वर्षांचे होते, आणि खजिनदार कॉमर्सचे.

कागद करायला एजंट वाचनालयातच आला. संस्थेचं नाव नॉमिनी म्हणून चालायचं नाही, तो म्हणाला, असाइनमेंट करावी लागेल. 1938 च्या विमा कायद्याचं 38 वं कलम. पॉलिसीच्याच पाठीवर लिहून सही करायची, एक साक्षीदार, आणि शाखेला नोटीस. असाइनमेंट एकदा नोंदली की जुनं नॉमिनेशन आपोआप रद्द.

"आता यात दोन प्रकार आहेत," एजंटाने घसा साफ केला. "एक कंडिशनल. म्हणजे अट घालता येते. समजा तुम्ही मुदतीपर्यंत सुखरूप राहिलात, तर पॉलिसी फिरून तुमच्याकडं. आणि दुसरा अ‍ॅब्सोल्यूट. त्यात सगळे हक्क गेले. कर्ज नाही, सरेंडर नाही, मुदतीनंतरचे..."

त्या वेळी समोर सात-आठ माणसं उभी होती. त्यात दोन बायका होत्या, आणि त्यातल्या एक स्थानिक दैनिकात 'शहर आणि परिसर' लिहायच्या. बापूकाकांनी एजंटाचं वाक्य हाताने मध्येच थांबवलं.

"दानाला अटी?" ते म्हणाले. "कर्णानं घातल्या होत्या?"

"नाही, पण मुदतीचं बोलतोय मी, 2019..."

"अ‍ॅब्सोल्यूट लिही."

एजंटाने लिहिलं. साक्षीदार म्हणून मी सही केली. मोबदला घेऊन की मोबदल्याविना, तेही लिहावं लागलं. 'मोबदल्याविना,' बापूकाकांनी लाल पेनाने लिहिलं. एजंटाने ते निळ्याने पुन्हा लिहून घेतलं.

मोबदला पुढच्या सोमवारपासून सुरू झाला.

एरवी वाचनालयात बापूकाकांना कुणी उठून जागा दिली नव्हती. आता पंख्याखालची खुर्ची त्यांची झाली. कटिंगचा चहा फुल झाला, चहाबरोबर भडंग आलं, भडंगात लसूण जास्त. आणि मुख्य म्हणजे, तब्येत. शिपाई विचारायचा, ग्रंथपालबाई विचारायच्या, अध्यक्ष फोन करून विचारायचे. एक दिवस साडेनऊचे पावणेदहा झाले तर दोन माणसं घरी. बापूकाका अंघोळ करत होते. दार उघडून टॉवेलवर उभे राहिले आणि इतके खूश झाले की दोघांना पोहे खायला घालून मगच सोडलं.

आपलं दान कुठल्या बियाचं आहे हे त्यांना लवकरच उमगलं. लोक देवळाला घंटा देतात, ती वाजते. घाटाला पायरी देतात, त्यावर नाव कोरतात, लोक त्यावर धुणी धुतात. पण दिलं की संपलं, दुसऱ्या दिवशी देणाऱ्याकडे कुणी बघत नाही. बापूकाकांनी असं काही दिलं होतं की जे अजून दिलेलंच नव्हतं. ते रोज देत होते. सकाळी जिना चढताना तिसऱ्या पायरीवर थांबायचे, छातीवर तळहात ठेवायचे, आणि वरून बघणाऱ्या आम्हा मंडळींकडे बघून मंद हसायचे. "काही नाही, काही नाही," म्हणायचे. "मुंग्या आल्यासारखं झालं." मग दिवसभर वाचनालयात मुंग्यांचीच चर्चा.

आमची मात्र पंचाईत होती, आणि तिच्यावर अजून कुणी नीट लिहिलेलं नाही. एखाद्याच्या मरणात आपला फायदा असेल तर त्याच्या खोकल्याला काय तोंड करायचं? डॉक्टरांकडे चला म्हणावं तर मनात छप्पर. म्हणू नये तर मनात आई. खजिनदार या कसरतीत सगळ्यात तयार झाले. बापूकाकांनी खोकलं की ते "अरेरे" म्हणत आणि त्याच श्वासात "वातावरणच तसं आहे" म्हणत, म्हणजे कुणावर काही यायला नको. एकदा मंडळाने त्यांना संपूर्ण तपासणी भेट द्यायचा ठराव केला. अहवाल आला. साखर नॉर्मल, ईसीजी नॉर्मल, बीपी थोडं वर. अहवाल बैठकीत वाचला गेला तेव्हा टेबलाभोवती जे चेहरे होते ते मला आठवले की अजून लाज वाटते. इतिवृत्तात मी 'समाधान व्यक्त केले' असं लिहिलं.

हप्ता तेच भरायचे. पण त्याची पावती त्यांना पुरेना. 80 जी खाली करसवलत मिळेल का, विचारलं. खजिनदार म्हणाले, ती सवलत पैशाच्या देणगीला, वस्तूला नाही. तुम्ही पॉलिसी दिलीत, म्हणजे कागद दिलात. मग बापूकाकांनीच तोड काढली. हप्त्याचे पैसे आधी वाचनालयाला देणगी म्हणून द्यायचे, वाचनालयाने ते विम्याला भरायचे, आणि वाचनालयाने त्यांना देणगीची पावती द्यायची. वर्षातून दोनदा. हे छान चाललं. वास्तविक बापूकाकांचं पेन्शन करपात्रच नव्हतं. तो कर कुठल्या पैशावर वाचणार होता हे खजिनदारांनी विचारलं नाही, आणि बापूकाकांनी पावत्या एकाखाली एक फ्रेममध्ये लावून टाकल्या.

2016 मध्ये मात्र ते रुसले. कारण काय, तर वर्धापनदिनाच्या पत्रिकेत त्यांचं नाव 'विशेष उपस्थिती'त होतं, 'प्रमुख उपस्थिती'त नव्हतं. बापूकाकांनी येणं बंद केलं आणि हप्त्याचे पैसे बंद केले. सवलतीचे तीस दिवस उलटायला आले तेव्हा खजिनदारांनी तातडीची बैठक बोलावली. पॉलिसी बंद पडली तर विमा घटणार, पाच वर्षांचा चहा आणि भडंग पाण्यात. ठरलं की हप्ता वाचनालयाने भरायचा. भरला. आता हिशेबात कुठल्या खात्याला टाकायचा? इमारत दुरुस्ती? फर्निचर? ग्रंथखरेदी तर नक्कीच नाही. बरीच भवति न भवति झाल्यावर ग्रंथपालबाईंनी शांतपणे सुचवलं, "दर सहा महिन्यांनी येतंय ना? मग नियतकालिकं." तिथेच टाकला. लेखापरीक्षकांनी पुढच्या वर्षी विचारलं, अर्धवार्षिक अडीच हजारांचं हे कुठलं नियतकालिक? अध्यक्ष म्हणाले, "दुर्मीळ आहे."

नंतर पत्रिका पुन्हा छापली, 'प्रमुख' करून, एकच प्रत. बापूकाका ती घेऊन परत आले.

मूळ पॉलिसी असाइनमेंटनंतर वाचनालयाच्या ताब्यात होती. खजिनदारांनी ती टेबलाच्या खालच्या खणात ठेवली होती. बापूकाकांनी पहिल्याच दिवशी ती उचलून, स्टुलावर चढून, कोशांच्या कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली, भिंतीला टेकवून. "2005 चा पूर विसरलात काय?" म्हणाले. आम्ही हसलो होतो.

2019 चा ऑगस्ट उजाडला. पाणी किती फूट, हे विचारायचीही सोय राहिली नाही, कारण विचारायला जाणार कुठून. पातळी 57 च्या वर गेली. आमच्या वाचनालयाची खालची दालनं गेली. कथा, कादंबऱ्या, बालविभाग, आणि तीस वर्षांचे दिवाळी अंक, सगळ्यांचा मिळून एक लगदा झाला. बापूकाका शेजारच्या पहिल्या मजल्यावर अडकले होते. बोट आली तेव्हा त्यांनी काठीवर खुणा करून दर तासाला पाणी किती चढलं ते लिहून ठेवलेलं होतं, आणि बोटवाल्यांना ते वाचून दाखवल्याशिवाय उतरायला तयार नव्हते.

पाणी ओसरल्यावर आम्ही चिखल उपसायला आत गेलो. कोशांचं कपाट उभं होतं. खालचे चार खण फुगलेले. वरच्या फळीवर, दोन प्लॅस्टिकच्या आत, पॉलिसी कोरडी ठणठणीत.

खजिनदारांनी ती उघडून चष्म्याजवळ धरली. मग म्हणाले, "अरे. ही तर पिकली."

पंचवीस वर्षं झाली होती. म्हणजे त्या चिखलात उभे राहून आठ वर्षांत पहिल्यांदाच आम्ही कागद नीट वाचला. मुदतपूर्तीची रक्कम अ‍ॅब्सोल्यूट असाइनीला. असाइनी आम्ही. बोनससकट दोन लाखांच्या वर, आणि त्यासाठी कुणी मरायची गरज नव्हती. टेबलाभोवती, म्हणजे टेबल जिथे होतं तिथे, एक सुस्कारा सुटला. त्यात पैशाचा आनंद किती आणि सुटकेचा किती हे मोजायला बापूकाकाच हवे होते.

मी आणि अध्यक्ष त्यांना सांगायला गेलो. ते पुतण्याच्या ओळखीने मिळालेल्या एका मंगल कार्यालयातल्या छावणीत होते.

"म्हणजे," बापूकाका थोड्या वेळाने म्हणाले, "मी आहे, आणि दान झालं?"

"हो. डिस्चार्ज फॉर्म आणलाय."

त्यांनी खिशातून पेन काढलं. "सही कुठे?"

"तुमची लागत नाही, बापूकाका. आमच्या सह्या पुरतात."

त्यांनी पेन परत खिशाला लावलं. बराच वेळ ते आमच्याकडे बघत राहिले, फसवणूक कुणी केली हे त्यांना ठरवता येत नव्हतं. "मी माझ्या पश्चात म्हणालो होतो," ते म्हणाले. मग आणखी खालच्या आवाजात, "त्या पोरानं काहीतरी सांगितलं होतं. अटीचं."

पैसे आले. त्यातून लोखंडी रॅक झाले, वरच्या मजल्यावर. खाली आता फक्त वर्तमानपत्रांचं टेबल. छप्परही निघालं थोडं. समारंभ झाला, शाल झाली, पण यावेळी शतायुषीला कुणाला ठसका लागला नाही, आणि ते बापूकाकांच्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी चहा कटिंगचा आला. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. शिपाई नवा होता.

मग फोटोचा प्रश्न निघाला. दात्यांचे फोटो सभागृहात लागतात, असा रिवाज. बापूकाकांनी तो फोटो 2011 मध्येच काढून, फ्रेम करून दिला होता. मंडळात चर्चा झाली की सभागृहातले सगळे फोटो कैलासवासी, चंदनाचे हार घातलेले. हयात माणसाचा लावायचा प्रघात नाही. हे मला त्यांना सांगावं लागलं.

"पैसे जिवंतपणी चालतात," बापूकाका म्हणाले, "आणि फोटो चालत नाही?"

याला आमच्या घटनेत उत्तर नव्हतं. फोटो लागला. हार नाही, फक्त फोटो, खालच्या दालनात, आणि उंची त्यांनी स्वतः टेपने मोजून दिली, महापुराच्या डागाच्या एक फूट वर. आता ते रोज साडेनऊला त्याच्याच खालच्या खुर्चीत बसून पेपर वाचतात. नवीन सभासद वर बघतात, मग खाली बघतात, आणि हळूच खुर्ची बदलतात.

बीपी कुणी विचारत नाही. तेच सांगतात, न विचारता, पेपरच्या आडून. "आज 150." कुणीतरी "हं" म्हणतं.

गेल्या महिन्यात त्यांनी मला खुणेने बोलावलं. टेबलावर वैद्यकीय महाविद्यालयाचा देहदानाचा अर्ज होता, सगळा भरलेला, फक्त साक्षीदाराची जागा रिकामी. मी पेन काढलं तसा त्यांनी माझा मनगटाशी हात धरला.

"आधी शांतपणे वाच," ते म्हणाले. "पुढची-मागची दोन्ही बाजू. यात कुठे मुदत नाही ना?"